सहा फूट म्हणजे सहा फूट

माझ्या नणंदेने उजव्या हातात आयुष्यभर काही घातलं नाही. बांगडी नाही, घड्याळ नाही, अंगठी तर नाहीच. ओल्या शाईवरून काही घासलं की रेघेचा फराटा होतो आणि तीन दिवसांचं काम ब्लेडने खरवडत बसावं लागतं. एका लग्नात कुणीतरी त्यांना टोचलंच, "अर्धीच का नटलीस गं?" त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. "हा हात कमावतो, हा नुसता बरोबर येतो. नटायला वेळ त्यालाच आहे."

वयाने त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण नात्याने मान त्यांचा, म्हणून मी त्यांना वन्सं म्हणते. त्या मला वहिनी म्हणतात. एकमेकींना अहो-जाहो करत आम्ही चाळीसहून जास्त वर्षं भांडतो आहोत. त्यांनी लग्न केलं नाही. माझे यजमान, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो.

एकोणिसाव्या वर्षी त्या इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात लागल्या. मोठा हॉल, बारा तिरके बोर्ड, उंच खिडक्या, आणि कोपऱ्यातल्या छपाईच्या मशीनमधून येणारा अमोनियाचा भपकारा. तो वास त्यांच्या कपड्यांना असे. मी दार उघडायच्या आधी ओळखायची, वन्सं आल्या.

ऑफिसात त्यांना सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे "दुरेघी". कागदावर भिंत दोन रेघांनी दाखवतात. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे भिंतीची जाडी, आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत केसभरही बदलता कामा नये. वन्संची जोडरेघ अशी निघायची की मोठे साहेब नव्या माणसाला आधी त्यांच्या बोर्डापाशी उभं करत. सरळ भिंत कुणीही काढतं. खरी कसोटी वळणाची. वळणाला समांतर रेघ काढायची तर पट्टी उपयोगाची नाही. त्या पहिल्या रेघेवर कंपासचं टोक रोवत पुढे पुढे जायच्या, पंधरा-वीस छोटी वर्तुळं काढायच्या आणि मग त्या सगळ्या वर्तुळांच्या पाठींना नुसती शिवून जाणारी एक रेघ शाईने ओढायच्या. श्वास रोखून. मला एकदा दाखवलं होतं. मी मध्येच शिंकले, तर आठवडाभर बोलल्या नाहीत.

मोठ्या साहेबांची नजर अधू झाली आणि ऑफिस मुलाच्या हाती आलं. धाकटे साहेब वाईट नव्हते, घाईचे होते. वर्षभरात बाराच्या बारा बोर्ड उचलले गेले, कॉम्प्युटर आले, आणि त्यांच्यामागून ते चालवणारी तरुण मंडळी आली. त्यातल्या एकाचं नाव वन्संनी "भरधाव" ठेवलं. इतरांना तीन दिवस लागायचे ते तो दीड दिवसात करायचा आणि उरलेला दीड दिवस ते सगळ्यांना सांगण्यात घालवायचा.

तेव्हा वन्संना एक्कावन्नावं लागलं होतं. त्या संध्याकाळी त्या घरी आल्या आणि चपला काढायच्या आधी साहेबांशी झालेलं बोलणं त्यांनी मला शब्दाला शब्द सांगितलं. मी ते त्याच दिवशी लिहून ठेवलं, म्हणून आज तसंच देता येतंय.

"ताई, तुम्हाला आता दगदग नको. वर रेकॉर्डची खोली आहे ना, तिथे बसा. जुने नकाशे लावायचे, कुणी मागितले की काढून द्यायचे. पंखा आहे, खिडकी आहे."

"आणि रेघ?"

"रेघा आता मशीन ओढणार, ताई."

"मशीन आपणहून काही ओढत नाही. कुणीतरी सांगतं, मग ओढतं. मीही सांगेन."

हॉलमध्ये खसखस पिकली. साहेबही हसले. मग जरा चिडून म्हणाले, "बरं, तीन महिने देतो. तीन महिन्यांनी एक पूर्ण शीट. पहिल्या रेघेपासून शेवटच्या आकड्यापर्यंत, एकटीने, कुणाला न विचारता. संध्याकाळी पाचला माझ्या टेबलावर. झालं तर इथे बसा, नाही तर वर जायचं."

"लिहून द्या."

"काय?"

"हेच. जसं बोललात तसं."

त्यांनी थट्टा समजून चार ओळी खरडून दिल्या. वन्संनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

माझा मुलगा नोकरीला बाहेरगावी जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर घरी टाकून गेला होता. मी त्याच्यावर झाकण घालून वर फुलदाणी ठेवली होती. वन्संनी फुलदाणी उचलली. ऑफिसातून त्यांनी आणलेलं, कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं पुस्तक इंग्रजीत होतं, बोटभर जाड. वन्सं रेघेत हुशार, इंग्रजीत बेताच्या. मी नन्सच्या शाळेत शिकलेली. आमच्या सिस्टर वर्गात एक शब्द चुकला तर अख्खं पान परत लिहायला लावत. त्या शिक्षेचा उपयोग पन्नाशी उलटल्यावर झाला. रोज जेवणं आटोपली की मी वाचायची, मराठीत सांगायची, आणि वन्सं करून बघायच्या.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, वस्तू निवडा."

"निवडली. पुढे?"

"पळाली ती. नीट धरा."

"माऊस धरलाय वहिनी, झुरळ नाही. ओरडू नका."

पहिले दोन आठवडे त्यांच्या रेघा भलतीकडेच जात होत्या. बत्तीस वर्षं ज्या हाताने वाटेल तशी रेघ काढली, त्याला आता हाताखालच्या डबीकडे न बघता समोरच्या पडद्याकडे बघून रेघ काढायची होती. एकदा त्यांनी टेबलावर मूठ आपटली. मी म्हणाले, "सोडून द्या. खिडकी तरी मिळतेय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूट पुढचं पान उलटलं.

त्या पानावर ऑफसेट होतं.

मी वाचलं तसं सांगितलं. मशीन तीन प्रश्न विचारतं. अंतर किती? कुठल्या रेघेला? कोणत्या बाजूला? तीन उत्तरं दिली की तेवढ्याच अंतरावर जुळी रेघ तयार.

"स्थळ ठरवण्यासारखं आहे हे," वन्सं म्हणाल्या. "आमच्या बाबतीत पहिले दोन प्रश्न कुणी विचारलेच नाहीत. दुसऱ्यांच्या लग्नात सगळे तिसराच विचारत होते, तू कोणत्या बाजूची, मुलाकडची की मुलीकडची."

मग त्यांनी एक नागमोडी वळण काढलं, अंतर दिलं, बाजू दाखवली, बोट दाबलं. दुसरी रेघ आली. वळणाबरोबर वळत, कुठे जवळ नाही, कुठे लांब नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत.

त्यांनी ती पुसली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली. मला वाटलं आता रडतील. पंधरा-वीस वर्तुळं, रोखलेला श्वास, सगळं एका बोटाखाली गेलं होतं.

"म्हणजे वहिनी," त्या शेवटी म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी ऑफसेटच करत होते. यांनी माझंच काम उचललंय आणि मलाच वर जा म्हणतायत."

त्या दिवसापासून त्यांची मशीनशी भीड चेपली. शिकाऊ माणसासारखं बिचकणं संपलं, आणि आपली वस्तू परत घ्यायला आल्यासारख्या त्या बसू लागल्या.

मला मात्र एक कळत नव्हतं. पुस्तकात कॉपी नावाचंही काहीतरी होतं. एक आकार उचलायचा, तसाच दुसरीकडे ठेवायचा. "मग ऑफसेट कशाला? कॉपी करून बाजूला सरकवलं की झालं."

वन्सं उठल्या आणि स्वयंपाकघरातून दोन वाट्या घेऊन आल्या, एक मोठी आणि एक लहान. मोठी कागदावर पालथी घालून पेन्सिल फिरवली. मग तीच वाटी बोटभर सरकवून पुन्हा फिरवली. "ही तुमची कॉपी. इथे बाजूला बोटभर अंतर आहे ना? आणि वर बघा." वर दोन्ही गोल एकमेकांना कापून गेले होते. मग दुसऱ्या कागदावर मोठ्या वाटीचा गोल काढून त्याच्या आत लहान वाटी नीट मधोमध ठेवून फिरवली. सगळीकडून सारखं अंतर. "हे ऑफसेट. आतली वेगळ्या मापाची लागते. सरळ रेघेत दोन्ही सारखं दिसतं. वळणावर कळतं कोण काय आहे ते."

तीन महिने संपता संपता त्यांना शीट मिळालं. एका दवाखान्याचा तळमजला. आत जायला पायऱ्या, आणि बाजूने चाकाच्या खुर्च्यांसाठी, स्ट्रेचरसाठी सहा फूट रुंदीचा उतरता रस्ता, रॅम्प. जागा अडचणीची होती, म्हणून रॅम्प आधी सरळ, मग मध्ये तिरका वळलेला, मग पुन्हा सरळ. तो भाग भरधावने आधीच काढून ठेवला होता.

"रॅम्प तयार आहे ताई, नुसता उचलून बसवा," तो म्हणाला. "तेवढाच तुमचा वेळ वाचेल."

शेवटच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत वन्संचं शीट जवळपास झालं होतं. खोल्यांची नावं, दारांचे क्रमांक आणि थोडे आकडे घालायचे राहिले होते. पाचाला शीट द्यायचं. पडद्यावर सगळं बरोबरच दिसतं, म्हणून त्यांनी एकदा कागदावर छापून घेतलं आणि ड्रॉवरमधून पुठ्ठ्याची एक चकती काढली. बोर्डाच्या काळातली. नकाशाच्या मापात बरोबर सहा फूट व्यासाची. रस्ता, जिना, रॅम्प असलं काही असलं की दोन रेघांच्या मधून ती चकती सरकवत न्यायची त्यांची जुनी सवय होती.

चकती रॅम्पच्या सरळ भागातून गेली. वळणावर अडकली.

त्यांनी मोजलं. दोन्ही टोकांना सहा फूट. मध्ये सव्वाचार. भरधावने रॅम्पची एक कड काढली होती आणि तीच कॉपी करून सहा फूट बाजूला सरकवली होती. आकडे त्याने टोकांना घातले होते, तिथे ते खरे होते. मध्ये आकडाच नव्हता.

भरधावला बोलावलं, तर तो म्हणाला, "ती कड तुकड्यातुकड्यांची होती ताई. ऑफसेट केलं की सांधे सुटत होते. कोण शिवत बसणार? आणि दिसतं कुठे?"

"सांधे आधी जोडून एक रेघ करायची आणि मग ऑफसेट. पुस्तकात आहे. पान मी सांगू?"

"अहो, आजच्या दिवस सोडा. पाचाला शीट द्यायचंय तुम्हाला. रॅम्प हलवला तर बाहेरची बसायची खोली हलेल, दोन खांब हलतील, नोंदणीची खिडकी हलेल. तुमचं शीट होणार नाही. रॅम्प माझा आहे. बोल लागला तर मला लागेल."

खरं होतं ते. चकती ड्रॉवरमध्ये परत ठेवली असती, तर वन्संची खुर्ची हॉलमध्येच राहिली असती. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं आणि वर म्हणाल्या, "वहिनी, एक मिनिट माझ्या मनात आलं. एक मिनिट पूर्ण. लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं.

त्या थेट साहेबांकडे गेल्या. साहेब फोनवर होते. "सव्वाचार? ठीक आहे की ताई, माणूस जाईल की त्यातून. नंतर बघू."

वन्सं परत आल्या आणि हॉलच्या मधोमधल्या दोन टेबलांना धरून ढकलायला लागल्या. मग सामान बांधायची चिकटपट्टी घेऊन फरशीवर गुडघे टेकून बसल्या. रॅम्पचा तो मधला तिरका भाग त्यांनी होता तेवढ्या खऱ्या मापाने जमिनीवर आखला, दोन पट्ट्या, मध्ये सव्वाचार फूट. सगळ्यांनी कामं थांबवली. एवढ्या गडबडीने साहेबही बाहेर आले.

"हे काय चाललंय?"

"दवाखाना. साहेब, तुम्ही पेशंट. बसा."

"ताई..."

"बसा हो. भरधाव, तूही बस. तू वरून येणार, साहेब खालून जाणार. पट्टी म्हणजे भिंत. पट्टीवर चाक गेलं की कोपर फुटलं असं समजायचं."

ऑफिसच्या चाकांच्या खुर्च्यांवर दोघं बसले. हॉलमधल्या दोन मुलींनी त्यांना ढकललं. बरोबर मध्यावर दोन्ही खुर्च्यांचे हात एकमेकांत अडकले. साहेबांचा गुडघा भरधावच्या मांडीवर. मागे घ्यायला गेले तर चाक पट्टीबाहेर.

"कोपर फुटलं," मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल खदखदून हसला.

"आता यात स्ट्रेचर आणा," वन्सं म्हणाल्या. "बाजूने सलाईनची बाटली धरलेली नर्स. बाळंतीण असेल. तिला सांगा, टोकाला सहा फूट आहे, तिथे मोजा."

साहेब उठले. त्यांनी एका पट्टीपासून दुसरीपर्यंत पावलं टाकून पाहिली. मग म्हणाले, "दुरुस्त करा."

पाऊण तास त्यातच गेला होता. पुढे वन्संनी सांधे जोडले, एक रेघ केली, सहा फुटांवर तिची जुळी काढली, बसायची खोली सरकवली, खांब सरकवले, नोंदणीची खिडकी पुन्हा काढली. पाचाचे ठोके पडले तेव्हा मागच्या बाजूच्या दारांना क्रमांक नव्हते आणि दोन खोल्यांवर आकडे नव्हते. त्यांनी शीट छापलं तसं साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"अपुरं आहे," त्या म्हणाल्या.

साहेबांनी वरवर पाहिलं. "अहो, हे पूर्णच धरून चालू. आज तुम्ही जे पकडलंत..."

"नाही. सव्वाचारला सहा धरून चालू म्हटलं तेव्हा मी ऐकलं नाही. मग अपुऱ्याला पूर्ण का धरायचं? अट म्हणजे अट. मी वर जाते."

"ताई, हट्ट करू नका."

वन्संनी पर्समधून घडी काढून टेबलावर उघडली. "यात लिहिलंय, शीट झालं नाही तर वर जायचं. वर जाऊन काय करायचं ते लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचलंय. वहिनींनी चारदा वाचलंय. मी वर जाणार आणि तिथे नकाशे काढणार. मशीन माझ्याबरोबर येईल."

वन्संनी पडदा काखेत मारला. मागून वायरी सांभाळत, जड पेटी छातीशी धरून, भरधाव जिना चढला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रेकॉर्डच्या खोलीत पंखा होता, खिडकीही होती, पण ती उघडत नव्हती. दुसऱ्या दिवशी वन्संनी जाताना पेचकस नेला. आठवडाभरात उरलेले क्रमांक, आकडे घालून ते शीट पूर्ण झालं. आधी भरधाव एखादं वळण दाखवायला वर यायचा. मग बाकीचे यायला लागले. पुढे छापायच्या आधी शीट वर नेऊन दाखवायचं, असं होऊन गेलं. तसा हुकूम कुणी काढला नव्हता. साहेबांनी एकदा सुचवलं, "ताई, तुम्ही नुसतं तपासत चला, काढायचं काम खाली होईल." तर म्हणाल्या, "नुसतं दुसऱ्यांच्या चुका बघून माणूस चिडका होतो. मला रोज स्वतःची एक रेघ लागते." सात वर्षं, निवृत्तीपर्यंत, शीटच्या कोपऱ्यातल्या "रेखाटन" या चौकटीत त्यांची सही पडत राहिली. त्या दवाखान्याच्या शीटवरही तीच आहे.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते त्याच दवाखान्यात. घरी सोडायच्या दिवशी मी चाकाच्या खुर्चीत. वन्संनी ढकलणाऱ्या माणसाला बाजूला सारलं आणि खुर्ची स्वतः धरली. सत्तरी पार केलेली बाई बघून दारावरचा रखवालदार धावत आला.

"आजी, लिफ्टने थेट खाली गाडीपाशी जा. रॅम्प लांब पडतो."

"लिफ्ट तुमची," वन्सं म्हणाल्या. "रॅम्प माझा."

वळणावर आलो तर खालून दुसरी खुर्ची येत होती. म्हातारे गृहस्थ, मागे त्यांची सून. ते आमच्या बाजूने गेले, कोपर न लागता. मला वाटलं आता वन्सं खूश होतील. त्यांनी खुर्चीला ब्रेक लावला, पर्समधून मोजपट्टी काढली आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"भिंतीला टेकवा. घट्ट."

"वन्सं, मागे लोक थांबलेत."

"थांबू द्या."

त्या समोरच्या भिंतीशी वाकल्या, चष्मा वर केला आणि आकडा वाचला. मागे चार माणसं आणि एक नर्स खोळंबली होती. रखवालदार कमरेवर हात ठेवून उभा होता.

"पाच फूट साडेअकरा इंच," त्या म्हणाल्या आणि त्याच्याकडे वळल्या. "प्लास्टरवाल्याने अर्धा इंच खाल्लाय. तुमचे मोठे डॉक्टर कुठे बसतात?"